साडेचार वर्षांचा हात आणि दोन पानांचा गृहपाठ
(वाचकांचे प्रश्न : बालशिक्षण)

प्रश्न : माझा मुलगा साडेचार वर्षांचा असून छोट्या शिशुगटात आहे. शाळेतून रोज दोन पाने गिरवायला येतात. अर्धे पान होईपर्यंत तो हात झटकू लागतो आणि पेन्सिल इतकी दाबतो की कागद फाटतो. त्याच्या बोटांत ताकद नाही, घरी लिहिण्याचा सराव वाढवा, असे बाईंचे म्हणणे आहे. सासूबाई पाटी घ्यायला सांगतात. सराव वाढवावा का? सुलेखनाच्या वर्गाला घालावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सराव वाढवू नये, तो बदलावा. सुलेखनाचा वर्ग या वयात अजिबात नको. आपल्या मुलाच्या बोटांत ताकद कमी असेलही, पण ज्याला पेन्सिलच पेलत नाही त्याची ताकद तीच पेन्सिल आणखी अर्धा तास धरून वाढत नाही. ताण आला की मूल बोटांऐवजी अख्ख्या मनगटाने आणि खांद्याने लिहू लागते, आणि तीच सवय पुढे सुटता सुटत नाही.

हात खांद्याकडून बोटांकडे तयार होत जातो. दीड-दोन वर्षांचे मूल खडू मुठीत धरते. साधारण साडेतीन-चार वर्षांपर्यंत अंगठा, तर्जनी आणि मधले बोट अशी तीन बोटांची पकड दिसू लागते, पण बोटे ताठ असतात आणि हलते ते मनगट. पेन्सिल धरलेली असताना बोटेच हलू लागणे हे साडेचार ते सहा वर्षांच्या दरम्यान, प्रत्येकाच्या गतीने, घडते. आकारांचेही तसेच आहे : गोल तीन वर्षांच्या सुमारास जमतो, अधिकचे चिन्ह चारच्या सुमारास, आणि तिरप्या रेघांचा त्रिकोण बहुधा पाच वर्षांनंतर. लहान मुलाच्या हाताचे क्ष-किरण चित्र हल्ली मोबाइलवर फिरत असते आणि ‘हाडेच तयार नाहीत, मग लिहायला कशाला लावता’ असा प्रश्न त्याखाली असतो. मनगटातली आठ हाडे जन्मतः कूर्चेची (मऊ, लवचिक) असतात आणि शेवटचे हाड नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास तयार होते, हे खरे आहे. परंतु तेवढ्यावरून त्याआधी लिहूच नये असे ठरत नाही, कारण लिहिणे मुख्यतः स्नायूंवरच्या ताब्यावर आणि डोळा व हात यांच्या मेळावर अवलंबून असते.

हा ताबा येतो घरातल्या कामांतून. मटार सोलणे, लसूण सोलणे, कणकेचा गोळा मळणे, सुईदोऱ्याने फुले ओवणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे, यांतले रोज एखादे काम त्याच्याकडे खरोखर सोपवावे. रांगोळीचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. चिमटीत पूड धरून ती अंगठा आणि तर्जनी यांतून थोडी थोडी सोडताना उरलेली बोटे आपोआप तळहाताकडे वळतात, आणि पेन्सिल धरतानाही हाताची ठेवण तीच लागते. रेघ जाड पडली तर चिमूट सैल होती, तुटली तर घट्ट होती, हे सांगायला कोणी मोठे माणूसही लागत नाही. सागरगोटेही उत्तम. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा विकतच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, खडे, शिंपले हाताशी घेतले. बोटांच्या दृष्टीने त्यात काहीच उणे नव्हते.

आता लेखनाकडे येऊ. सासूबाईंची पाटी चांगलीच आहे; ती खरखरीत असल्याने पेन्सिल घसरत नाही आणि पुसता येत असल्याने चुकीची भीती राहत नाही. पाटी किंवा छोटा फळा भिंतीला डोळ्यांच्या उंचीवर टेकवून उभ्याने लिहू दिले तर मनगट योग्य दिशेने वळते आणि खांद्यालाही काम मिळते. खडू किंवा पेन्सिल बोटभरच लांबीची द्यावी, म्हणजे ती मुठीत धरून लिहिता येत नाही.

ठिपक्यांवरून गिरवण्याबद्दल माझे मत फारसे अनुकूल नाही. मूल एकेका ठिपक्यावर थांबत जाते, कधी अक्षराचा उभा दंड खालून वर ओढते, त्यातली गाठ उलटी फिरवते, आणि तरीही पान सुबक दिसते म्हणून बाई बरोबरची खूण करतात. मुलाच्या हाताला मात्र त्या अक्षराची चाल कळलेलीच नसते. त्यापेक्षा आपण शेजारी बसून ‘म’ मोठा, वीतभर काढून दाखवावा. त्याने तो आधी हवेत, मग परातीतल्या रव्यात बोटाने, आणि मग पाटीवर काढावा. ग, म, भ, न ही आपली जुनी सुरुवात विचारपूर्वक ठरवलेली आहे : चारही अक्षरांत गाठ आणि उभा दंड असल्याने एकाची चाल हाताला बसली की बाकीची लवकर येतात. शिरोरेखा शेवटी. तीन-चार चांगली अक्षरे झाली की थांबावे. पाच-सात मिनिटे पुरेत.

लिहिताना त्याच्या अंगठ्याचे नख पाहावे. ते पांढरे पडले असेल तर जोर जास्त होतो आहे. वहीखाली जुन्या वर्तमानपत्राची घडी ठेवून ‘कागदाला भोक पडू द्यायचे नाही’ असा खेळ करावा. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यावा.

बाईंशी आपण बोलावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिलीचे वय सहा आहे आणि त्याआधीची तीन वर्षे खेळातून शिकण्याची आहेत, तेव्हा दोन पानांऐवजी दोन ओळी मागण्यात गैर काही नाही. मात्र पाच वर्षे उलटूनही मोठी बटणे लावता येत नसतील, एकच हात सतत मागे राहत असेल किंवा आधी जमणारे काम आता जमेनासे झाले असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून गरजेप्रमाणे ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (रोजची कामे आणि हाताच्या हालचाली जमाव्यात म्हणून उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचा) सल्ला घ्यावा.

प्रश्न : पाच वर्षांची नात सर्व काही डाव्या हाताने करते. आताच उजव्या हाताची सवय लावावी का? जेवण तरी उजव्या हाताने व्हावे, असे घरात सर्वांना वाटते.
– एक आजोबा, सांगली

उत्तर : लिहिण्याचा हात बदलू नये. जेवणाची रीत म्हणून उजवा हात हळूहळू शिकवायचा असेल तर तो घरचा प्रश्न आहे, पण त्यावरून तिला ओरडू नये. वही तिच्या शरीराच्या मध्यापासून किंचित डावीकडे ठेवावी आणि वरचा डावा कोपरा उंच राहील अशी तिरपी करावी. पेन्सिल टोकापासून थोडी वर धरू द्यावी, म्हणजे लिहिलेले अक्षर हाताखाली झाकले जात नाही. शिरोरेखा तिला उजवीकडून डावीकडे ओढणे सोपे जाईल. ती तशीच ओढू द्यावी. वर्गात बाकावर डाव्या टोकाला जागा मिळावी म्हणून बाईंना एक चिठ्ठी द्यावी, आणि कात्री डावखुऱ्यांची वेगळी मिळते, ती आणावी.