युद्धपट चांगला व्हायला तो इतिहासाशी तंतोतंत जुळायलाच हवा का?

तुमचा प्रश्न असा आहे की ऐतिहासिक अचूकपणामुळे युद्धपट चांगला होतो का, आणि गणवेश चुकला, रणगाडा वेगळाच दाखवला म्हणून ओरडणाऱ्या लोकांकडे लक्ष द्यावं का. गणवेश आणि रणगाड्यांचं मी सोडून देतो. पण युद्धपटात रचलेल्या गोष्टी असणारच, आणि त्या खऱ्या घटनेच्या दिशेनं नेतात की तिच्यापासून लांब, हे बघितल्याशिवाय मला तरी कुठलाही युद्धपट चांगला म्हणता येत नाही.

नुसता अचूकपणा पुरत नाही हे 1970 चा 'तोरा! तोरा! तोरा!' बघितला की कळतं. पर्ल हार्बरवरचा हल्ला, अमेरिकन बाजू अमेरिकन दिग्दर्शकानं आणि जपानी बाजू जपानी दिग्दर्शकांनी शूट केलेली, कुठला निरोप कुठं अडकला आणि कुणाला उशिरा मिळाला हेसुद्धा नीट दाखवलंय, आणि तरी हल्ला सुरू होईपर्यंत चौकशी समितीचा अहवाल वाचल्यासारखं वाटत राहतं कारण त्यातला एकही माणूस आपला होत नाही. लोकांच्या लक्षात राहिलं ते शेवटचं, जपानी आरमाराचा सेनापती यामामोतो याचं वाक्य, आपण झोपलेल्या राक्षसाला जागं केलं असं काहीसं, आणि ते तो कधी बोलल्याचा किंवा त्यानं लिहिल्याचा पुरावाच नाही. पण माझी त्याला हरकत नाही. यामामोतो अमेरिकेत राहिला होता, हार्वर्डमध्ये शिकला होता, तिथल्या कारखान्यांची ताकद त्यानं बघितली होती आणि लांबलेलं युद्ध जपानला झेपणार नाही हे त्याला माहीत होतं. वाक्य रचलेलं असलं तरी माणूस खराच आहे.

आता 'बॉर्डर' घेऊ, कारण तो आपल्या सगळ्यांनी पाहिलाय आणि मला तो अजूनही आवडतो. 1971 च्या डिसेंबरात, 4 तारखेच्या रात्री, राजस्थानात लोंगेवालाच्या चौकीवर 23 पंजाब या बटालियनची एक कंपनी होती, साधारण 120 जवान, मेजर कुलदीप सिंग चांदपुरी त्यांचे प्रमुख. समोरून चाळीसच्या वर रणगाडे आणि दोनेक हजार पाकिस्तानी सैनिक. आपल्याकडे मोठं हत्यार म्हणजे जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन, म्हणजे रणगाड्यावर मारायची हलकी तोफ. जैसलमेरला हवाई दलाची हंटर लढाऊ विमानं उभी होती पण ती रात्री हल्ला करू शकत नव्हती. म्हणजे उजाडेपर्यंत कसंही करून टिकायचं. चांदपुरींना मागे फिरायची मुभा होती, पण गाड्या नव्हत्या, वाळूतून पायी निघायचं आणि मागून रणगाडे, त्यापेक्षा उंचवट्यावरच्या चौकीत राहून लढू असं त्यांनी ठरवलं. चौकीभोवतीची काटेरी तार बघून पाकिस्तानी सैन्याला वाटलं पुढे सुरुंग पेरलेत, त्यात त्यांचा बराच वेळ गेला, काही रणगाडे वाळूत रुतले, आणि उजाडल्यावर हंटर आली तेव्हा उघड्या वाळवंटात रणगाड्यांना लपायला जागाच नव्हती. पाकिस्तानचे तीसहून जास्त रणगाडे गेले.

सिनेमानं ते सकाळची वाट बघणं पकडलंय, आणि माझ्या मते सिनेमातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. पण मग दिग्दर्शकाला वाटलं असणार की एवढ्यानं प्रेक्षक रडणार नाही. म्हणून त्यात एकेक करून माणसं मारली. सुनील शेट्टीनं केलेले भैरोसिंग मरतात, अक्षय खन्नानं केलेला लेफ्टनंट धरमवीर मरतो. प्रत्यक्षात लोंगेवालाला आपले दोन जवान गेले. धरमवीर पुढे कर्नल होऊन निवृत्त झाले. बीएसएफचे भैरोसिंग राठोड डिसेंबर 2022 पर्यंत हयात होते, म्हणजे सिनेमा आल्यावर पंचवीस वर्षं आपण पडद्यावर मेलो हे माहीत असून जगले. मला हे मनापासून खटकतं. एकशेवीस माणसं आज रात्री आपण मरणार असं धरून बसली होती आणि सकाळी जवळजवळ सगळी जिवंत होती, यापेक्षा मोठा क्लायमॅक्स कुठून आणणार? तो तयार हातात होता, आणि त्याच्याजागी नेहमीचं हौतात्म्य घातलं.

आणि खोट्या मरणानं दर वेळी असंच होतं असं नाही. 'दास बूट' हा 1981 चा जर्मन सिनेमा घ्या. वोल्फगांग पेटरसननं यू-96 या पाणबुडीचा आतला भाग खऱ्या मापाचा उभा केला, भिंती न काढता त्या चिंचोळ्या जागेत हातात कॅमेरा घेऊन शूटिंग केलं, नट फिकट दिसावेत म्हणून त्यांना उन्हात जाऊ दिलं नाही. वास, कंटाळा, ओला पाव, आणि वरून फिरणाऱ्या जहाजाचा आवाज ऐकत गप्प बसलेली माणसं. शेवटी पाणबुडी बंदराला परत लागते आणि तिथे विमानहल्ल्यात कप्तानासकट सगळं संपतं. हे खोटं आहे. खरा कप्तान हाइनरिश लेहमन-विलेनब्रॉक युद्धातून वाचला आणि याच सिनेमाला सल्लागार होता, पाणबुडीसुद्धा 1945 पर्यंत टिकली. पण सिनेमाच्या सुरुवातीलाच सांगितलंय की चाळीस हजार जर्मन पाणबुडी सैनिकांपैकी तीस हजार परत आले नाहीत. चारातले तीन. एका बोटीपुरतं खोटं सांगून पेटरसननं बाकीच्यांचं खरं सांगितलंय. 'बॉर्डर'मधलं मरण बरोबर उलटं करतं.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे दुसऱ्याचं काम चोरणं. 2000 च्या 'यू-571' मध्ये अमेरिकन नौसैनिक जर्मन पाणबुडीतून एनिग्मा मशीन, म्हणजे जर्मनांचं गुप्त संदेश सांकेतिक करायचं यंत्र, मिळवतात. प्रत्यक्षात मे 1941 मध्ये ब्रिटिशांच्या 'बुलडॉग' जहाजानं यू-110 पकडून ते मिळवलं, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीसुद्धा नव्हती. ब्रिटिश संसदेत यावरून बोलणं झालं, टोनी ब्लेअर यांनीही नाराजी दाखवली. आणि ऑक्टोबर 1942 मध्ये भूमध्य समुद्रात बुडत चाललेल्या यू-559 मध्ये फॅसन आणि ग्रेझियर हे दोघे ब्रिटिश नौसैनिक सांकेतिक संदेशांची कागदपत्रं बाहेर देण्यासाठी पुन्हा आत गेले आणि तिच्याबरोबरच बुडाले, ती कागदं घेऊन वर आलेला टॉमी ब्राउन कँटीनमध्ये काम करणारा सोळा वर्षांचा पोरगा होता. एवढी गोष्ट समोर असताना दुसरी रचायची गरज का पडावी?

आपल्याकडे 'तान्हाजी'मध्ये कोंढाण्यावर नागीण नावाची प्रचंड तोफ आणतात, राजगडावर मारा करायला. सिंहगडावर गेलात आणि हवा स्वच्छ असली तर राजगड दिसतो, सरळ रेषेत पंधराएक किलोमीटर. सतराव्या शतकातली तोफ तिथवर पोचणं शक्यच नाही. पण मला अंतरापेक्षा दुसरंच खटकतं. पुरंदरच्या तहात जे 23 किल्ले द्यावे लागले त्यातला हा एक, तो परत हवा होता आणि त्यासाठी फेब्रुवारीतल्या रात्री माणसं कडा चढून गेली. एवढं कारण पुरेसं नाही असं वाटलं म्हणूनच तोफ आली ना? त्या कड्याखाली एकदा उभं राहून वर बघा, आणखी काही घालावंसं वाटत नाही.

यातला एकच बघणार असाल तर 'दास बूट' बघा, 1997 चा जवळजवळ साडेतीन तासांचा डायरेक्टर्स कट, आणि डब केलेला नको, जर्मन आवाज ठेवून सबटायटल्स लावा.