कोकणात रोज शंभर किलोमीटर होतील का?

प्रश्न : आम्ही दोघी मैत्रिणी जानेवारीत अलिबागहून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवर जायचं म्हणतोय. साताऱ्याच्या आसपास दिवसाला शंभर किलोमीटर आरामात होतात. तिकडेही तेवढेच धरावेत का?
– एक शिक्षिका, सातारा

उत्तर : नको ताई, साठच धरा. माझं माहेर गुहागरचं, त्यामुळे तिथला रस्ता माझ्या पायाखालचा आहे. गुहागर ते गणपतीपुळे हाच एक दिवस बघा. नकाशावर अंतर साठच्या आतबाहेर. पण पालशेत, अडूर, वेळणेश्वर, हेदवी करत जाताना रस्ता सारखा समुद्रापाशी उतरतो आणि पुन्हा जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारावर, चढतो. एकेक चढ शंभर-दीडशे मीटरचा. तुमचा पसरणी घाट एकदा चढलात की संपतो; इथे मात्र तो तुकड्यातुकड्याने दिवसभर चढायचा.

म्हणून निघण्याआधी गिअरचे दात मोजा. पुढचं सगळ्यात लहान चक्र 30 दातांचं आणि मागचं मोठं 34 चं असेल, तर सामानासकट बसल्या बसल्या चढाल. मागे 28 च असतील तर कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बदलून घ्या, खर्च वसूल होतो. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवू नका, आणि वळणावर तांबडी बारीक खडी असते तिथे वेग आधीच कमी करा.

उजाडता उजाडता निघा. सड्यावर सावली म्हणून नाही, दुपारी बारा ते तीन तिथे सापडायचंच नाही. अकराच्या सुमारास तवसाळच्या जेट्टीवर पोचलात की दिवस हातात राहतो. फेरीबोटीच्या वेळा आदल्या रात्री मुक्कामाच्या घरीच विचारून ठेवा, कारण एक बोट चुकली की पुढचं सगळं उन्हात जातं. बोटीची फळी लोखंडी आणि ओली असते. सायकलवर बसून चढू नका, ढकलत न्या. गाड्या आधी लागू द्या, मग कठड्याला टेकवून दोरीने बांधा. शास्त्री नदीचं मुख ओलांडून जयगडला उतरलात की पहिल्यांदा खानावळ गाठा. भात, आमटी, सोलकढी पोटभर घ्या. घाम फार जातो, तेव्हा बाटलीत मीठ-साखर हवीच.

ऊन कललं की पुढे निघा. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, मराठीच्या शिक्षिका असाल तर तासभर राखून ठेवाच. आणि संध्याकाळी खोलीवर गेल्यावर, आंघोळीच्याही आधी, चेन गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा, तेल द्या. खारं पाणी लागलेली चेन सकाळपर्यंत तांबूस होते.