आधी उजेड बघा, मग पॅकेज

लग्नसराई तोंडावर आली की या सदरात साड्यांच्या खालोखाल फोटोग्राफरचेच प्रश्न येतात. यावेळी त्यातले चार घेतलेत, उत्तरं लहानमोठी झाली आहेत कारण प्रश्नच तसे आहेत.

प्रश्न : ताई, मुलीचं लग्न डिसेंबरात आहे, नागपूरला वर्धा रोडच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्तावर. तीन फोटोग्राफर बघितले, तिघांचंही इन्स्टाग्राम सारखंच सुंदर दिसतं पण रेटमध्ये दुपटीचा फरक. निवडायचं कसं? आणि होणारे जावई म्हणतात ड्रोन पाहिजेच. (नवरीची आई, मानेवाडा)

काकू, इन्स्टावर प्रत्येक लग्नातला एकेक निवडक फोटो असतो, तो कोणाचाही चांगलाच दिसणार. तुम्ही तिघांनाही सांगा की संध्याकाळी लॉनवर लागलेलं एक लग्न पहिल्या फोटोपासून शेवटच्या फोटोपर्यंत दाखवा. मग त्यात नवरी-नवरदेव बघूच नका, कोपऱ्यात बसलेली आजी बघा, पंगतीतली माणसं बघा, अंतरपाट निघतो तो क्षण सापडलाय का बघा, आणि गुलाबी मांडवाच्या कापडाखाली सगळ्यांचे चेहरे गुलाबी झालेत का तेही बघा. हे ज्याचं नीट असेल तो घ्या, मग तो तिघांत स्वस्त असो की महाग. आणि कॅमेरा घेऊन येणार कोण हे नाव घालून लिहून घ्या, कारण मोठ्या तिथीला एकेका स्टुडिओकडे तीन-तीन लग्नं असतात अन् तुमच्याकडे भलताच पोरगा येतो.

आता खरी गोष्ट. डिसेंबरात नागपूरचा सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी, त्यामुळे मुंबईच्या मैत्रिणीचा टाइमटेबल इथं चालत नाही. वरात वेळेवर आली तरी (विदर्भातली वरात, म्हणजे समजून घ्या) मंगलाष्टकं संपेपर्यंत अंधार. म्हणून जोडीचे फोटो साडेचारला उरकायचे, त्यासाठी मुलगी चारला तयार पाहिजे, म्हणजे पार्लरवालीला एकच्या आत बसवा. लोक कॅमेऱ्याच्या मॉडेलवरून भांडतात आणि अर्धे फोटो पार्लरमध्येच हुकलेले असतात बघा. अंधारानंतर सगळा खेळ डेकोरेशनवाल्याच्या हातात. मांडवावर समोरून पांढरा-पिवळसर लाइट ठेवा म्हणावं, जांभळा-निळा नको, आणि डीजेवाल्याला सांगा की लेझर कॅमेऱ्याच्या तोंडावर मारू नको, त्यानं कॅमेऱ्याचा सेन्सर जळू शकतो.

घरच्यांच्या ग्रुप फोटोंची यादी आधीच करा आणि दोन्हीकडचा एकेक मोठ्या आवाजाचा मामा त्या कामावर लावा, फोटोग्राफरला तुमची आत्या कोण अन् विहीणबाईंची जाऊ कोण हे कसं कळणार.

ड्रोनचं म्हणाल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ५ किलोमीटरपर्यंत रेड झोन असतो, तिथं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही, आणि सोनेगावच्या विमानतळामुळे वर्धा रोडची कितीतरी लॉनं त्यातच येतात. ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ वेबसाइटच्या नकाशावर तुमचं लॉन कुठं येतं ते बघा आणि जावयांना प्रेमानं दाखवा.

प्रश्न : आमचं लग्न बौद्ध पद्धतीनं आहे, दोघंही पांढऱ्या कपड्यात. दादाच्या लग्नात वहिनीची साडी फोटोत कुठं राखाडी तर कुठं नुसता पांढरा डाग दिसते, काठ दिसतच नाहीत. हे टाळता येईल का? (वाचक, इंदोरा)

येतं, आणि नागपुरात इतकी बौद्ध लग्नं होऊनही फोटोग्राफरला हा प्रश्न कोणी विचारत नाही याचं मला नवल वाटतं. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं, भरपूर पांढरं दिसलं की ते फोटो काळपट करतं. ते सावरायला एक्सपोजर, म्हणजे फोटोतला उजेड, थोडं वर न्यावं लागतं, पण जास्त नेलं किंवा जवळून सरळ फ्लॅश मारला की साडीच्या चुण्या, जरीचे काठ, सगळं उडून जातं, आणि एकदा उडालेलं एडिटिंगमध्ये परत येत नाही. ज्याला हे माहीत आहे तो फ्लॅश छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे वळवून मारतो आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, शूट करतो. बुकिंगच्या आधी त्याच्याकडून पांढऱ्या साडीतल्या नवरीचे फोटो मागा आणि मोबाइलवर झूम करून काठ दिसतो का बघा, बस.

दुसरं म्हणजे क्रम समजावून सांगा. बरेच जण अंतरपाट-मंगलाष्टकांच्या सवयीचे, ते त्रिशरण-पंचशील सुरू असताना निवांत लेन्स पुसत बसतात आणि प्रतिज्ञा, पुष्पहार झाले की जागे होतात. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा काचेच्या फ्रेममध्ये असेल तर समोरून फ्लॅश मारल्यावर काचेत पांढरा गोळा उमटतो, तेव्हा फ्रेम किंचित खाली झुकवा नाहीतर फोटो तिरका उभा राहून घ्यायला सांगा. आणि व्हिडिओवाल्याला बजावा की भंतेजी आणि तुमच्या मधे उभा राहू नको, मागच्या पाहुण्यांना त्याची पाठच दिसते.

प्रश्न : भावाच्या लग्नाला आठ महिने झाले, फोटोग्राफर अल्बम देऊन नाही राहिला. रॉ डेटा मागितला तर म्हणते तो आमचा असतो. वरून आमचेच फोटो त्याच्या जाहिरातीत! (नवरदेवाचा भाऊ, जरीपटका)

भाऊ, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे पैसे देऊन तुमच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचे पहिले मालक तुम्हीच, उलटा करार नसेल तर. म्हणून आधी बिलाच्या मागची बारीक अक्षरं वाचा, सही करून तुम्हीच जाहिरातीची परवानगी दिली असेल तर बोलणं अवघड आहे. नसेल तर लेखी कळवा, तारीख द्या, तरी हलला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, त्याची मुदत दोन वर्षांची असते.

रॉसाठी मात्र फार अडून बसू नका. ती फाइल फिकट दिसते, साध्या मोबाइलवर बहुतेक उघडतही नाही. तुम्हाला पाहिजेत ते पूर्ण रिझोल्यूशनचे, म्हणजे मूळ आकाराचे जेपीजी फोटो, आपली हार्ड डिस्क देऊन घ्या आणि एक कॉपी दुसऱ्या घरी ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेले चालवून घेऊ नका, ते दाबून लहान होतात अन् अल्बमच्या १२ बाय ३६ इंची शीटवर फुटल्यासारखे धूसर दिसतात. ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांनी पैशाचा शेवटचा हप्ता अल्बम हातात पडल्यावरच द्यायचं ठरवा. आणि कॅमेऱ्यात प्रत्येक फोटो दोन मेमरी कार्डांवर एकदमच उतरतो का तेवढं विचारा, एक कार्ड गेलं तर सप्तपदी परत घेता येत नाही.

प्रश्न : मुहूर्त मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नवतप्यातच निघाला, दुपारी १२:३५. फोटोंचं काय? (नवरी, महाल)

बाप्पा! डोक्यावरच्या उन्हात डोळ्याखाली काळ्या खाचा पडतात, त्यामुळे त्यावेळी मोकळ्या लॉनवर फोटो नकोच, हॉल असेल तर बरं. जोडीचे फोटो सकाळी सातच्या आत काढा, मे महिन्यात नागपुरात सहाच्या आधीच उजाडतं. पाणी फवारणारे पंखे स्टेजपासून लांब ठेवा, फ्लॅशमध्ये त्याचे थेंब चेहऱ्यासमोर पांढरे ठिपके होऊन येतात. मेकअपवालीला जेवणं होईपर्यंत थांबवून घ्या. आणि फोटोग्राफरला आल्याआल्या मठ्ठा द्या, तोही माणूसच आहे.