खडबडीत रस्त्यांवरील शर्यतीसाठी रोड बाइकला कोणते टायर घ्यावेत?

आपल्या प्रश्नात दिलेली माहिती अशी आहे: आपले वजन ६८ किलो, सायकल कॅलिपर ब्रेकची (म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या ब्रेकची) जुनी रोड बाइक, टायर २३ मिलिमीटरचे आणि त्यांत हवा १२० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब). सांगली–सातारा भागातील शर्यतींत वारंवार पंक्चर होते. दुकानदार जाड कवचाचा पंक्चररोधक टायर घ्यायला सांगतो, तर सोबतचे सायकलपटू ३२ मिलिमीटरचा. मी पुण्याच्या आसपासच्या घाटरस्त्यांवर बरीच वर्षे रोड बाइक चालवतो आणि अधूनमधून शर्यतींतही उतरतो. माझ्या मते आपण या दोघांचेही ऐकू नये. आपल्या फ्रेममध्ये जेवढा रुंद टायर मोकळेपणाने फिरेल तेवढ्याच रुंदीचा, परंतु त्या रुंदीत मिळणारा सर्वांत लवचीक शर्यतीचा टायर घ्यावा आणि हवा सध्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी भरावी.

खरेदीपूर्वी मात्र एक काम करावे. आजवर पंक्चर झालेल्या ट्यूब टाकून दिल्या नसतील, तर त्यांत हवा भरून बादलीतील पाण्यात बुडवाव्यात आणि छिद्रे कशी आहेत ते पाहावे. शेजारीशेजारी दोन लहान चिरा दिसल्या, तर खड्ड्याच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबला आणि मधल्या मध्ये ट्यूब चिमटली गेली, असे समजावे. सुईच्या टोकाएवढे एकच छिद्र असेल, तर ते सराट्याचे, बाभळीच्या काट्याचे किंवा ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर विखुरणाऱ्या बारीक पोलादी तारेचे असते. महामार्गाच्या कडेला या तारेचा उपद्रव काचेपेक्षा कितीतरी अधिक आहे. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमकडील बाजूस असेल, तर दोष टायरचा नसून रिममधील आऱ्यांची भोके झाकणाऱ्या पट्टीचा आहे आणि कोणताही नवा टायर तो दूर करणार नाही. चिमटा बसून होणाऱ्या पंक्चरवर रुंदी आणि योग्य हवा हा उपाय आहे, तर तार आणि काटे यांवर टायरच्या मधल्या भागातील संरक्षक पट्टी हा. दुकानदार सर्व पंक्चरांवर जाड टायर हा एकच उपाय सांगतो तेव्हा ही दोन दुखणी तो एकत्र करतो.

आता हवेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण खरा गैरसमज तेथे आहे. टायर दगडासारखा कडक असला की सायकल वेगाने पळते, ही समजूत गुळगुळीत फिरत्या ड्रमवर केलेल्या मोजमापांतून बळावली. ड्रमवर हवा वाढवत गेले की टायरचा दबण्या-फुगण्यात होणारा ऊर्जेचा अपव्यय कमी होत जातो, आणि ते मोजमाप चुकीचेही नाही. परंतु ड्रमवर खडी वर आलेले डांबर नसते आणि मुख्य म्हणजे स्वार नसतो. खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर संपूर्ण सायकल आणि स्वार यांना वर उचलतो. ती कंपने मांड्या, पाठ आणि हात यांच्या स्नायूंत जिरतात आणि पायांनी निर्माण केलेली शक्ती तेवढी वाया जाते. सायकलविषयक लेखक व प्रकाशक यान हाइने यांनी महामार्गाच्या कडेच्या रंबल स्ट्रिपवर (वाहनाला हादरे देऊन चालकाला सावध करणाऱ्या खाचांच्या पट्टीवर) स्वारांसह चाचण्या घेऊन हा अपव्यय मोजला आणि तो सर्वांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. हवा वाढवत नेली की एका मर्यादेपर्यंत फायदा होतो आणि त्यापुढे तोटा झपाट्याने वाढतो. रस्ता जितका खराब तितकी ही मर्यादा खाली येते. शिवाय हवा थोडी कमी पडल्याने होणारे नुकसान हवा थोडी जास्त झाल्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा सौम्य असते, म्हणून शंका असेल तेव्हा खालच्या आकड्याकडे झुकावे.

हवा कमी करायची तर रिमला ठोकर बसू नये म्हणून टायरमध्ये उंची आणि आकारमान हवे. रुंदीचे महत्त्व त्यासाठी आहे. २३ च्या तुलनेत २८ मिलिमीटरच्या टायरच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट भरते. वजन वाढेल अशी भीती पुष्कळांना वाटते, तिचा हिशेब करून पाहू. रुंद टायरांच्या जोडीने फार तर पन्नास-साठ ग्रॅम वाढतील. आपण, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून ७८ किलो धरले, तर ही वाढ एक दशांश टक्क्याहून कमी आहे आणि पंधरा मिनिटांच्या घाटचढीत तिने एक सेकंदही वाया जाणार नाही. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाटात ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळवू पाहणाऱ्यानेसुद्धा या कारणासाठी अरुंद टायर निवडू नये. वाऱ्याचा विरोध रुंद टायरला थोडा अधिक होतो हे खरे, पण तो विचार सपाट आणि चांगल्या रस्त्यावरील वैयक्तिक वेळ-शर्यतीत, म्हणजे एकट्याने घड्याळाशी खेळायच्या शर्यतीत, करावा.

येथे कोणी पॅरिस–रूबे शर्यतीचे उदाहरण देईल, आणि ते विचारात घेण्यासारखे आहे. १८९६ पासून होणाऱ्या या शर्यतीत २०२४ साली सुमारे २६० किलोमीटरपैकी ५५ किलोमीटरहून अधिक अंतर उत्तर फ्रान्समधील जुन्या दगडी फरसबंदीचे होते. पूर्वी तेथे २७ मिलिमीटरचे, रिमला चिकटवायचे ट्युब्युलर टायरही रुंद समजले जात. अलीकडे ३० ते ३२ मिलिमीटरचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, टायर सर्रास दिसतात. मॅथ्यू व्हॅन डर पूल याने २०२४ ची शर्यत ताशी ४७.८ किलोमीटर या सरासरी वेगाने जिंकली आणि तोवरच्या इतिहासातील तो सर्वाधिक वेग होता. हा वेग एकट्या टायरांमुळे आला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. वारा, डावपेच आणि सायकली या सर्वांचा त्यात वाटा असतो. परंतु रुंद टायर आणि कमी हवा यांमुळे वेग घटतो, हा आक्षेप तेथे टिकलेला नाही.

तरीही रूबेची नक्कल आपल्याकडे जशीच्या तशी करू नये. तेथील फरसबंदीवर दगडांचा मारा सलग होतो आणि तो कोठे सुरू होणार व कोठे संपणार हे आधीच ठाऊक असते. आपल्या जिल्हा मार्गांवर दोन किलोमीटर उत्तम डांबर लागते आणि मग अचानक धारदार कडेचा खड्डा, साइडपट्टीवरून आत आलेली सुटी खडी, पांढरे पट्टे न मारलेला गतिरोधक किंवा काँक्रीट रस्त्याचा उखडलेला सांधा समोर येतो. आपल्याकडील खडी काळ्या बसाल्टची असते आणि ती फोडली की तिला पात्यासारखी कड येते. त्यामुळे टायर मध्यभागी छेदला जाण्याइतकाच बाजूने चिरला जाण्याचा धोका असतो. म्हणून पूर्णपणे वेळ-शर्यतीसाठी बनवलेला, कागदासारख्या पातळ बाजूंचा टायर मी येथे घेणार नाही.

रुंदी ठरवताना फ्रेमचा शब्द अखेरचा असतो. जुन्या कॅलिपर ब्रेकच्या सायकलींत २५ मिलिमीटरचा टायर बहुधा बसतो, २८ चा काहींतच बसतो आणि ३२ चा जवळजवळ कोणत्याच नाही, तेव्हा आपल्या मित्रांचा सल्ला बहुधा डिस्क ब्रेकच्या सायकली डोळ्यांपुढे ठेवून दिलेला आहे. टायरवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नये. ज्या टायरवर २८-६२२ (रुंदी आणि रिमचा व्यास, मिलिमीटरमध्ये) असे लिहिलेले असते तो आतून १५ मिलिमीटर रुंद असलेल्या जुन्या रिमवर २८ हून थोडा कमी भरतो आणि २१ मिलिमीटरच्या नव्या रिमवर २९ किंवा त्याहूनही अधिक. टायर चढवून, हवा भरून, चार मिलिमीटरची एलन की टायर आणि फ्रेम यांच्यामधून सर्व बाजूंनी सहज फिरते का ते पाहावे: फोर्कच्या माथ्याखाली, ब्रेकच्या कमानीखाली आणि मागे चेनस्टेच्या (पेडलपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या आडव्या नळ्यांच्या) दोन्ही अंगांना. ती अडकत असेल तर तो टायर आपला नव्हे, कारण ओल्या डांबराला चिकटून आलेली खडी त्या फटीत शिरली की फ्रेम खरवडते आणि प्रसंगी चाकही अडते. मागे २८ आणि पुढे २५ एवढीच सोय होत असेल, तर तीही चांगली आहे, कारण अधिक भार मागच्या चाकावर येतो.

रुंदी ठरली की टायरची बांधणी पाहावी. चांगल्या शर्यतीच्या टायरचे केसिंग, म्हणजे रबराखालील धाग्यांचे जाळे, बारीक धाग्यांचे आणि मऊ असते. असा टायर हातात घेऊन चिमटीत दाबल्यास त्याची सहज घडी पडते. जाड पंक्चररोधक टायरचे केसिंग ताठ असते आणि प्रत्येक फेऱ्यात ते दाबण्यासाठी शक्ती खर्च होते. समजा, लवचीक टायरचा गतिरोध गुणांक, म्हणजे फिरताना टायरकडून होणाऱ्या विरोधाचे भाराशी प्रमाण, ०.००४ आणि ताठ टायरचा ०.००६ आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने ७८ किलो भार नेताना पहिल्याला सुमारे ३१ वॅट लागतील आणि दुसऱ्याला ४६. पंधरा वॅटचा हा फरक घोळक्यात टिकून राहणे आणि मागे पडणे यांतील फरक ठरू शकतो. म्हणून सरावासाठी गेटरस्किनसारखा दणकट टायर जरूर वापरावा, पण शर्यतीसाठी काँटिनेंटलचा ग्रां प्री ५०००, व्हिटोरियाचा कोर्सा नेक्स्ट किंवा श्वाल्बेचा प्रो वन या वर्गातील टायर पाहावा. हे सर्व वेगवान आहेत. त्यांतील कोणता घ्यावा हे आपल्या गावी कोणता ताज्या साठ्यातून आणि योग्य किमतीत मिळतो यावर ठरवले तरी चालेल. कोर्सा नेक्स्टचे केसिंग सुताऐवजी नायलॉनचे असल्याने त्याच कंपनीच्या सुती टायरांपेक्षा ते राकट वापर अधिक सोसते.

पृष्ठभागावरील नक्षीकडे लक्ष देऊ नये. सायकलचा टायर इतका अरुंद असतो की डांबरावर पाणी कापण्यासाठी त्याला खाचांची गरज पडत नाही. ओल्यात पकड रबराच्या मिश्रणामुळे आणि कमी हवेमुळे येते. खाचा उपयोगी पडतात त्या मातीत.

ट्यूबलेसविषयी माझे मत अनुकूल आहे, परंतु आपल्या सायकलीसाठी नाही. त्यासाठी रिमही ट्यूबलेसचीच लागते, आणि २५ मिलिमीटरच्या टायरमध्ये ८० पीएसआय हवा असली की सीलंट, म्हणजे टायरमध्ये ओतलेला चिकट द्रव, छिद्र बुजवण्याऐवजी बाहेर फवारले जाते. त्यातही आपल्याकडील उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत आटते. उद्या आपण डिस्क ब्रेकची, ३० किंवा ३२ मिलिमीटर टायर घेणारी सायकल घेतली, तर मात्र ट्यूबलेसच निवडावे. त्या वेळी रिम हुकलेस (टायर धरून ठेवणारी आतली वळलेली कड नसलेली) असल्यास पाच बार, म्हणजे साधारण ७२ पीएसआय, ही हवेची कमाल मर्यादा काटेकोरपणे पाळावी आणि त्या रिमसाठी मान्य असलेलेच टायर चढवावेत. तूर्त हलकी ब्युटिल (नेहमीच्या काळ्या रबराची) ट्यूब पुरेशी आहे. लेटेक्सची ट्यूब अधिक वेगवान असते, पण रात्रीतून बरीच हवा सोडते, तेव्हा शर्यतीच्या सकाळी पुन्हा भरावी लागते. टीपीयूच्या (एका लवचीक प्लास्टिकच्या) ट्यूब वजनाला फार हलक्या असल्या, तरी रिम ब्रेकसाठी त्या चालतात असे वेष्टनावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्याव्यात. आंबेनळी घाटासारख्या लांब उतारावर ब्रेकमुळे रिम चांगलीच तापते.

आपल्या वजनाला प्रारंभीचे आकडे असे सुचवतो: २५ मिलिमीटरसाठी मागे ८२ आणि पुढे ७८ पीएसआय, २८ साठी मागे ७० आणि पुढे ६६. ओळखीच्या खराब रस्त्यावर एकाच पंपाने मोजून तीन-तीन पीएसआय कमी करत जावे. वळणावर टायर लुळा वाटू लागला किंवा खड्ड्यात रिम टेकल्याचा आवाज आला की तेथून चार पीएसआय वर यावे. २५ च्या टायरमध्ये ट्यूब असताना ७५ च्या खाली जाण्याचे धाडस मी करणार नाही. हिवाळ्यात पहाटे १५ अंश तापमानात भरलेली ७० पीएसआय हवा दुपारी ३५ अंशांत आपोआप पाच-सहा पीएसआयने वाढते, हेही लांब शर्यतीत लक्षात ठेवावे.

नवे टायर शर्यतीच्या आदल्या दिवशी चढवू नयेत; एक-दोन आठवडे आधी चढवून वरची चकाकी जाईपर्यंत चालवावेत. मागचा टायर आधी झिजतो, तेव्हा पुढचा मागे घ्यावा आणि नवा नेहमी पुढे लावावा, कारण पुढचे चाक घसरले तर सावरता येत नाही. प्रत्येक सरावानंतर टायरमध्ये रुतलेली खडी टाचणीने काढावी आणि आतले धागे दिसू लागलेला टायर शर्यतीतून बाद करावा. आपण टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसवायच्या प्लास्टिकच्या पट्टीविषयीही विचारले आहे: ती सरावाच्या चाकात चालेल, शर्यतीच्या चाकात नको, कारण लवचीक टायरसाठी मोजलेले पैसे ती पट्टी निष्फळ करते आणि तिची कड कालांतराने ट्यूबलाच घासते.