अमेरिकेत नव्या नोकरीची सुरक्षा तपासणी सुरू आहे आणि होम लोनचं क्लोजिंग, म्हणजे कागदांवर शेवटच्या सह्या होऊन व्यवहार पूर्ण व्हायचा दिवस, जवळ आलंय. तपासणीमुळे क्रेडिट स्कोअर पडून लोन अडकेल का?

स्कोअर पडणार नाही, तेवढ्यापुरते निर्धास्त राहा. पण तुमचं लोन दुसऱ्या कारणाने अडकू शकतं, आणि त्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही. मी लोनच्या फाइली तपासायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नोकरीसाठी क्रेडिट रिपोर्ट काढला तर ती सॉफ्ट इन्क्वायरी, म्हणजे स्कोअरला धक्का न लावणारी चौकशी, धरतात. त्यासाठी कंपनीला तुमची लेखी परवानगी लागते, आणि तिच्या हाती येणाऱ्या रिपोर्टमध्ये स्कोअर नसतोच. ही नोंद फक्त तुम्ही स्वतः काढलेल्या रिपोर्टमध्ये दिसते, लेंडरला (कर्ज देणाऱ्याला) दिसत नाही. थोडेफार पॉइंट जातात ते हार्ड इन्क्वायरीने, म्हणजे कर्जाच्या अर्जासाठी लेंडरने रिपोर्ट काढला की, आणि लोनसाठीची ती आधीच होऊन गेलेली असणार.

आता खरी काळजी. तपासणी चालू आहे म्हणजे तुमची ऑफर अजून सशर्त आहे. ऑफर लेटर नीट वाचा. 'बॅकग्राउंड चेक समाधानकारक झाल्यास' अशा अर्थाची ओळ त्यात बहुतेक सापडेलच. फॅनी मे (लेंडरकडून होम लोन विकत घेणारी अमेरिकेतली मोठी संस्था) हिच्या नियमांत बसणाऱ्या लोनमध्ये नव्या नोकरीचा पगार ऑफर लेटरवर धरता येतो, पण त्यातल्या अटी पूर्ण झाल्याची खात्री लेंडरला क्लोजिंगआधी करावी लागते. शिवाय पगारदार माणसाच्या बाबतीत नोटवर (कर्ज फेडण्याच्या लेखी करारावर) सह्या व्हायच्या आधीच्या 10 कामकाजाच्या दिवसांत लेंडर तुमच्या कंपनीकडे चौकशी करतो: हा माणूस अजून तुमच्याकडे कामाला आहे का? तुम्ही राजीनामा देऊन बसला असाल आणि नवीन ठिकाणची तपासणी संपलेली नसेल, तर हातात ना जुना पगार ना नवा. चांगल्या स्कोअरच्या फाइली मी इथेच अडलेल्या पाहिल्यात.

म्हणून तपासणी संपल्याचं लेखी येईपर्यंत राजीनामा देऊ नका. रुजू व्हायची तारीख क्लोजिंगनंतरची मिळत असेल तर मागून घ्या, पण नोकरी बदलतेय हे लोन ऑफिसरपासून लपवू नका. क्लोजिंगच्या वेळी अर्जातली माहिती खरी असल्याची सही तुम्ही करता, आणि तिथे जाणूनबुजून खोटं सांगणं हा फेडरल गुन्हा आहे. नवीन काम ठरावीक पगाराचं आणि त्याच क्षेत्रातलं असेल तर सहसा फार त्रास होत नाही. कमिशनवर किंवा 1099 कॉन्ट्रॅक्टवर (पगारी नोकर नव्हे, स्वतंत्र कंत्राटदार म्हणून) जात असाल तर मात्र क्लोजिंग होईपर्यंत थांबता येतंय का ते बघाच; तसलं उत्पन्न धरायला लेंडर साधारण दोन वर्षांचा इतिहास मागतो.

आजच लोन ऑफिसरला फोन करून ऑफर लेटर पाठवा. नव्या कंपनीच्या एचआरकडे एवढंच मागा: तपासणी पूर्ण झाली की ऑफरच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं, पगार आणि रुजू व्हायच्या तारखेसकट, ईमेलवर कळवा.