लांबलेल्या वेलीला बिनधास्त कात्री लावा
तुमची स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, म्हणजे मण्यांसारख्या गोल पानांची ती लोंबती वेल, लांब आणि विरळ झाली म्हणून मेली असं समजू नका, ती मेलेली नाही. हिवाळाभर तिला उजेड कमी पडला, म्हणून मण्यांमधलं अंतर वाढलं. तो ताणलेला भाग पुन्हा दाट होत नाही, तेव्हा कापाच. तुकडे 1-2 दिवस सावलीत सुकू द्या आणि कुंडीतल्या उघड्या मातीवर गोल गुंडाळून आडवे ठेवा. पुरायचं नाही! मणी जिथे दांड्याला जोडलेले असतात तिथूनच मुळं फुटतात, साधारण 2 ते 4 आठवड्यांत. तोवर वरची माती फवाऱ्याने हलकी ओलसर ठेवा. रुजल्यावर मात्र मणी किंचित सुरकुतले तरच पाणी. एकदम कडक उन्हात नेलंत तर मणी भाजतील, सकाळचं कोवळं ऊन उत्तम. घरात मांजर असेल तर छाटलेले तुकडे लगेच उचला, ही वेल तिला विषारी आहे.