मुंबईतल्या संशोधन संस्थांनी सामान्य माणसाला नेमकं काय दिलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बीएआरसी (ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र), आयआयटी, टाटा (परळचं कर्करोग रुग्णालय), हाफकिन (लसींची संस्था), एवढ्या संस्था मुंबईत आहेत, पण विरार-चर्चगेट लटकत जाणाऱ्या करदात्याच्या पदरात त्यांच्या संशोधनातून काय पडलं? वर अट, की ‘विज्ञानामुळे प्रगती होते’ छापाचं उत्तर नको.

अट मान्य. मी शास्त्रज्ञ नाही. रक्तपेढीत टेक्निशियन आहे, म्हणजे दुसऱ्यांनी लावलेले शोध रोज वापरायची नोकरी. तुम्हाला उत्तर सापडत नाही, कारण तुम्ही वस्तू शोधताय असं मला वाटतं. दुकानात मिळणारी, खोक्यावर संस्थेचं नाव छापलेली. मुंबईतल्या संशोधनातून जे आलं ते बहुतेक पद्धतीच्या रूपात आलं, आणि पद्धतीवर कोणी लेबल लावत नाही.

माझ्या टेबलावरचंच घ्या. रक्तगट बघताना आधी तुमच्या पेशींवर दोन थेंब टाकतो, निळं अँटी-ए आणि पिवळं अँटी-बी. दोन्हीत गोळे झाले नाहीत तर गट ‘ओ’. बाहेरच्या लहानसहान लॅबमध्ये आणि शिबिरात बरेचदा काम इथेच थांबतं. आम्ही थांबत नाही. मग उलटी तपासणी करतो: तुमचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेलं पाणी, तीन नळ्यांत घ्यायचं, त्यात गट माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशी घालायच्या, सेंट्रिफ्यूज फिरवायचं आणि नळी हलकेच हलवून तळाशी बसलेल्या पेशींचं लाल बटण सुटतं का ते बघायचं. खऱ्या ओ गटाच्या माणसात ए आणि बीच्या नळीत गोळे होतात, ओच्या नळीत बटण सुटून रक्त एकसारखं होतं. पण कधीतरी असा नमुना येतो की तिन्ही नळ्यांत बटण दगडासारखं घट्ट. अशा वेळी हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवायचं. समोर बॉम्बे गट असू शकतो.

हा गट सापडला परळला, १९५२ साली. केईएम रुग्णालय आणि त्याला जोडलेल्या जीएस वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना, म्हणजे देशपांडे, भाटिया वगैरे मंडळींना, असे रुग्ण भेटले ज्यांना कुठल्याच गटाचं रक्त जुळेना. लाल पेशींवर ए आणि बी ही रसायनं ज्या पायावर चढतात, तो ‘एच’ नावाचा पायाच या लोकांत नसतो. वर त्यांच्या सीरममध्ये एचविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं, तयार असतात. त्यामुळे साध्या तपासणीत ते ओ दिसतात, पण ओचं रक्त चढवलं तर जिवावर बेततं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक असा माणूस सापडतो, युरोपात दहा लाखांत एखादा. म्हणजे लंडनच्या रक्तपेढीत जन्म गेला तरी जो दिसायचा नाही, तो इथे दिसला. आणि दिसला याचं कारण नुसतं नशीब नव्हे. न जुळणाऱ्या बाटलीवर ‘पुन्हा नमुना पाठवा’ असा शेरा मारून कोणी मोकळं झालं नाही, ती का जुळत नाही याच्या मागे लागलं. पुढे केईएमच्याच आवारात रक्तगटांसाठी वेगळं केंद्र उभं राहिलं, तीच आजची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था. तुम्हाला यातून काय मिळालं? ती ओ पेशींची तिसरी नळी. ती तुम्हाला कधी दिसणार नाही, बिलातही वेगळी लावत नाहीत.

आता परळलाच, रस्त्याच्या पलीकडे. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगावर एक चाचणी केली. ऑपरेशनमध्ये गाठ काढायच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती लिग्नोकेन हे बधिर करायचं औषध टोचायचं. तेच, जे दाताचा डॉक्टर हिरडीत देतो. कल्पना अशी की गाठीला हात लागताना तिच्या पेशी सुटून पसरायची शक्यता असते, ती या औषधाने कमी व्हावी. देशातल्या ११ केंद्रांत सुमारे १६०० बायकांवर हे करून पाहिलं. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नेहमीचं ऑपरेशन. पाच वर्षांनी इंजेक्शन न दिलेल्या गटात ८६.४ टक्के हयात होत्या, दिलेल्या गटात ९०.१ टक्के. फरक लहान वाटेल. पण या औषधाची किंमत विचारा: शंभर रुपयांच्या आसपासचा मामला. कर्करोगाच्या नव्या औषधांत एवढ्याच फरकासाठी लाखांनी मोजावे लागतात.

हे संशोधन कुठलीही कंपनी करणार नव्हती. लिग्नोकेनवर आता कोणाचं पेटंट नाही, त्यातून कोणाला दमडी सुटायची नाही. असली कामं सार्वजनिक पैशातूनच होतात. तुमच्या कराचा हिशेब मागायचा तर मी सगळ्यात आधी इथे बोट ठेवीन. अर्थात मी डॉक्टर नाही. हे वाचून कोणी सर्जनशी वाद घालू नये, फार तर विचारावं.

दुसरी चाचणी त्याहून मोठी आणि त्याहून वादाची. १९९८पासून टाटाच्या लोकांनी मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायका दोन गटांत घेतल्या. एका गटाची दर दोन वर्षांनी गर्भाशयाच्या मुखाची तपासणी. तपासणी कसली, तर पातळ केलेलं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरच की, कापसाने लावायचं आणि मिनिटभर थांबून पांढरा चट्टा उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी बघायचं. पॅथॉलॉजिस्ट नको, मायक्रोस्कोप नको. बघणाऱ्या बायका दहावी झालेल्या, चार आठवडे शिकवून तयार केलेल्या. बारा वर्षांचा हिशेब २०१३मध्ये मांडला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. वाद यावरून झाला की दुसऱ्या गटाला तपासणी न देता, फक्त माहिती देऊन, इतकी वर्षं नुसतं पाहत राहिले. संशोधकांचं म्हणणं, तेव्हा देशात कुठेच नियमित तपासणी नव्हती, म्हणजे त्यांच्याकडून काही काढून घेतलं नाही. मला हे उत्तर अर्धंच पटतं. दोन गट हवेत हे कळतं, त्याशिवाय ३१ टक्के हा आकडा निघालाच नसता. पण फायदा दिसू लागल्यावर किती काळ थांबायचं, हे त्या वस्तीतल्या बायकांना कोणी विचारलं होतं का?

शेतीबद्दल तुम्ही लिहिलंय की ‘मुंबईत शेतीच नाही तर शेतीचं संशोधन काय होणार’. माझं माहेर साताऱ्याकडचं, म्हणून हे वाचून हसू आलं. उन्हाळी भुईमूग करणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ‘टॅग चोवीस’ हा वाण विचारा. टॅगमधला टी ट्रॉम्बेचा आणि ए अकोल्याचा. अणुशक्तिनगरच्या शेजारी बीएआरसीत, जिथे १९५६मध्ये अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली, तिथेच बियाण्यावर किरणांचा मारा करायचं काम पन्नासच्या दशकापासून चालू आहे. सांगायला सोपं, करायला जिकिरीचं. किरण दिलेल्या दाण्यांतले कित्येक उगवतच नाहीत, उगवतात त्यांतले बरेच खुरटे, वाकडे. पुढच्या पिढ्यांच्या हजारो झाडांतून एखादं कामाचं निघतं: बुटकं, लवकर येणारं, एका ठिकाणी झुपक्याने शेंगा धरणारं. मग त्याचे संकर, मग कृषी विद्यापीठांच्या शेतावर हंगामांमागून हंगाम. ‘टॅग-२४’ प्रसारित झाला १९९१ला, अकोल्याच्या विद्यापीठाबरोबर. तूर, उडीद, मोहरी यांचेही ट्रॉम्बेचे वाण आहेत, मिळून पन्नासच्या वर. आणि नाही, त्या शेंगदाण्यात किरणोत्सर्ग नसतो. गॅमा किरण बियाण्यात साठून राहत नाहीत, आणि तुम्ही खाता तो दाणा किरण दिलेल्या दाण्याच्या कितीतरी पिढ्यांनंतरचा. हे मला दर दिवाळीत कोणा ना कोणाला समजवावं लागतं.

त्याच बीएआरसीचं दुसरं उदाहरण मात्र तुमच्या बाजूचं आहे. कांद्याला मोड येऊ नये म्हणून लासलगावला ‘कृषक’ नावाचं विकिरण केंद्र बांधलं. कांदा अजूनही शेतावरच्या कांदाचाळीतच भरला जातो. केंद्राचं नाव झालं ते आंब्याने, २००७मध्ये अमेरिकेने आपला आंबा घेतला तो किरण देऊन. तंत्रात खोट नव्हती. पण कांद्याचा भाव आज एक, उद्या एक. शेतकरी किलोमागे जास्तीचा खर्च कुठल्या भरवशावर करणार? प्रयोगशाळेपासून बाजार समितीपर्यंतचा रस्ता हा संशोधनाचाच भाग आहे, असं आपल्याकडे फार थोड्यांना वाटतं.

हाफकिनबद्दल लांबण लावत नाही. १८९६मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकलमध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं.

आयआयटी पवई आणि टाटा यांनी मिळून केलेली कार-टी उपचारपद्धती मात्र ताजी आहे. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढायच्या, त्यांत बदल करून त्यांना कर्करोगाची पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायच्या. ‘नेक्सकार-१९’ या नावाने तिला २०२३मध्ये परवानगी मिळाली. परदेशात कोटींच्या घरात जाणारा उपचार इथे सुमारे ४० लाखांत आला, म्हणून पेपरांत ‘स्वस्त’ असे मथळे आले. विरारमध्ये ४० लाखांना काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. तरी मी हिला नावं ठेवणार नाही, किंमत उतरायची तर आधी वस्तू इथे बनायला हवी.

राहिला टीआयएफआरसारख्या ठिकाणांचा प्रश्न, जिथे विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे किरण, आणि तारे यांचा अभ्यास चालतो. ‘याचा मला उपयोग काय’ हे तिथे विचारून काही हाती लागणार नाही, निदान आपल्या हयातीत. त्यासाठी कुलाब्याची एक गोष्ट सांगते. कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवत होते. ठरल्या वेळी उपकरणाचा काटा बघायचा आणि वहीत आकडा लिहायचा. याहून निरुपयोगी वाटणारी नोकरी शोधून सापडणार नाही. १८५९च्या सप्टेंबरात सूर्यावरून फार मोठं वादळ पृथ्वीवर आदळलं, जगात ठिकठिकाणी तारयंत्रं बिघडली. त्या वेळी कुलाब्याच्या वहीत चुंबकक्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने (हे चुंबकक्षेत्र मोजायचं एकक) घसरल्याची नोंद झाली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून काटे बिघडायला नकोत, तर १९०४मध्ये वेधशाळा अलिबागला हलवली. वह्या राहिल्या. २००३मध्ये इथल्या भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या वह्यांवरून त्या वादळाची ताकद मोजली. असं वादळ आज आलं तर उपग्रह आणि विजेची ग्रिड यांचं काय होईल, याचा अंदाज बांधताना जगभर ती नोंद वापरतात. १९८९मध्ये याहून बरंच लहान वादळ आलं, तर कॅनडातला क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात होता. १८५९मध्ये त्या लेखनिकाचा पगार कशाला द्यायचा, असं तेव्हाच्या करदात्याने विचारलं असतं तर कोणाकडे उत्तर होतं?

तुमची एक तक्रार मात्र मला शंभर टक्के मान्य आहे: हे आम्हाला सांगत का नाहीत. ज्या वस्त्यांतल्या बायकांच्या जोरावर ती व्हिनेगरची चाचणी झाली, तिथल्या किती जणींना निकाल मराठीत वाचायला मिळाला असेल? निकाल इंग्रजीत, परिषद अमेरिकेत. आणि त्याचा परिणाम असा की तपासणी आता सरकारी कार्यक्रमात आहे, ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी, दर पाच वर्षांनी, फुकट, तरी आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांना पत्ता नाही. जवळच्या पालिकेच्या किंवा सरकारी दवाखान्यात ‘व्हीआयए’, म्हणजे हीच व्हिनेगरची तपासणी, कुठल्या वारी करतात ते विचारायचं. पाळीचे दिवस सोडून जायचं, भूल वगैरे काही नाही, आणि निकाल तिथल्या तिथे सांगतात. स्तन आणि तोंड याच वेळी तपासून मागा.